नदीचे मूळ, माणसाचे कूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, अशी एक म्हण मराठीत रूढ आहे. म्हणींच्या अंगी असणारा मोघमपणा तिच्याही अंगी आहे. त्यामुळे ती कोण आणि कोणत्या प्रसंगी उच्चारतो यावर तिचा अर्थ अवलंबून राहतो. एखाद्या थोर पुरुषाच्या जन्मकथेतली अडचणीची बाजू झाकायची असेल तेव्हा ती सौजन्याची असते. मुळाशी जाण्याचा कंटाळा आला असेल तेव्हा ती आळसाची असते. आणि क्वचित ती धूर्तपणाचीही असते. तिचे एक जुने रूप महाभारताच्या आदिपर्वात आढळते. शस्त्रविद्येच्या परीक्षेच्या रंगमंडपात कर्ण अर्जुनाला आव्हान देतो तेव्हा कृपाचार्य त्याला त्याचे कूळ विचारतात आणि कर्णाची मान खाली जाते. दुर्योधन तेथल्या तेथे त्याला अंगदेशाचा राज्याभिषेक करतो. तेवढ्यात वृद्ध अधिरथ तेथे येऊन पोहोचतो, बापलेकांची भेट होते, आणि भीम कर्णाच्या सूतपणाची टर उडवतो. त्यावर शूरांची आणि नद्यांची उत्पत्ती दुर्ज्ञेय असते, असे सांगून दुर्योधन मित्राची बाजू घेतो.

इतके उदार वचन व्यासांनी दुर्योधनाच्या तोंडी घालावे, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. कर्णाचे कूळ विचारू नका म्हणणाऱ्या दुर्योधनाला कर्ण हवा आहे तो पांडवांच्या कुळावर सोडण्यासाठी. म्हणजे कूळ न विचारण्याचे औदार्यही एका कुलवैराच्या सेवेला जुंपले गेले. बोलणारा बदलला म्हणून वचन खोटे ठरत नाही हे खरे. पण ते निर्मळ राहिले असेही म्हणता येत नाही. पुढे ज्याची उत्पत्ती कोणाला ठाऊक नाही त्या कर्णाची जन्मकथा वनपर्वात येते, आणि तीही नद्यांचीच कथा निघते. पेटीत घालून सोडलेले मूल अश्वनदीतून चर्मण्वतीत, तिथून यमुनेत आणि यमुनेतून गंगेत वाहत जाते.

म्हणीने दोन प्रश्न एका दमात मना केले आहेत. हे दोन प्रश्न खरोखर एकाच जातीचे आहेत काय, की एक निरुपद्रवी आणि दुसरा घातक आहे, याचा विचार मराठीत फारसा झालेला नाही. म्हण आहे म्हटल्यावर तो होतही नाही. तो करायचा तर जिथे हे दोन्ही प्रश्न एकाच जागी, एकाच पिढीच्या हयातीत विचारले गेले असे ठिकाण शोधावे लागते. तसे एक ठिकाण युरोपच्या आग्नेय कोपऱ्यात आहे. ही म्हण ज्यांच्या कानांवर कधी गेली नाही अशा एका शहरातले लोक तिथे सुटीच्या दिवशी, मुलाबाळांना घेऊन, नदीचे मूळ पाहायला जातात.

ते शहर म्हणजे बॉस्निया-हर्झेगोव्हिनाची राजधानी सारायेव्हो. मिल्यात्स्का या लहानशा नदीच्या अरुंद खोऱ्यात ते वसले आहे. सभोवती डोंगर असल्यामुळे हिवाळ्यात थंड हवा खाली बसते, चुलींचा आणि गाड्यांचा धूर तिच्याखाली कोंडतो आणि दिवसचे दिवस शहराला आकाश दिसत नाही. शहराच्या पश्चिम टोकाला, जिथे ट्रामचा रस्ता संपतो, तिथे इलिजा नावाचे उपनगर आहे. गरम पाण्याचे झरे असलेली जागा या अर्थाच्या तुर्की शब्दावरून हे नाव आले. त्या गंधकयुक्त झऱ्यांचा उपयोग रोमन लोकही करीत. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राजवटीत इथे हॉटेले, बागा आणि एक लांबलचक सरळ रस्ता झाला. सुमारे साडेतीन किलोमीटरांच्या या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चिनाराच्या जातीची आणि चेस्टनटची जुनी झाडे ओळीने उभी आहेत. घोडागाड्या अजून चालतात. पायी निघालेल्या माणसाला तासभर लागतो, आणि त्या तासाभरात शहर मागे पडत जाते; ते एकदम नाहीसे होत नाही, हे या रस्त्याचे वैशिष्ट्य मानावे लागेल.

रस्ता संपतो तिथे इगमन पर्वताचा पायथा आहे आणि पायथ्याशी व्रेलो बोस्ने, म्हणजे बोस्ना नदीचा झरा. तिथे धबधबा नाही, दरीत उडी घेणारे पाणी नाही, गुहा नाही. खडकाच्या बुडाशी झाडोऱ्याच्या सावलीत हिरवट काचेसारखे पाणी आहे आणि ते हलते आहे, इतकेच प्रथम दिसते. थोडे थांबले की ध्यानात येते, ते एका जागेहून येत नाही. ठिकठिकाणी खडकाखालून येऊन पसरते, त्याचे ओहोळ होतात, ओहोळांमध्ये लहान बेटे, बेटांना जोडणारे लाकडी साकव, बदके, हंस, पाण्यात तोंड प्रवाहाकडे करून स्थिर राहिलेले ट्राउट मासे. चारदोनशे पावलांत ते सगळे ओहोळ एकत्र येतात आणि नदी होते. या नदीवरूनच देशाला नाव मिळाले असे मानतात. उत्तरेकडे सुमारे पावणेतीनशे किलोमीटर जाऊन ती सावा नदीला मिळते, सावा डॅन्यूबला आणि डॅन्यूब काळ्या समुद्राला.

तिथल्या भाषेत ‘व्रेलो’ हा शब्द ‘उकळणे’ या अर्थाच्या धातूवरून आला आहे. हात बधिर करणाऱ्या पाण्याला उकळीचे नाव मिळाले ते त्याच्या वर येण्याच्या रीतीवरून. मराठीला ही कल्पना परकी वाटू नये. ‘उमाळा’ हा शब्द मराठी पाण्याला वापरते आणि मायेलाही वापरते. ‘पाझर’ खडकाला फुटतो तसाच निष्ठुर माणसाला फुटतो. जे आत होते आणि दिसत नव्हते ते वर आले, एवढाच या शब्दांचा आशय. आत ते कुठून आले, याविषयी ते मौन पाळतात.

हे मौन सोडवणारे एक शास्त्र आहे आणि त्याची परिभाषा योगायोगाने याच प्रदेशातल्या भाषांनी जगाला दिली आहे. चुनखडीच्या प्रदेशाला ‘कार्स्ट’ म्हणतात, ते स्लोव्हेनियातल्या एका पठाराच्या नावावरून. ‘दोलिना’, ‘पोल्ये’, ‘पोनोर’ हे शब्दही दक्षिण स्लाव भाषांतलेच. पावसाच्या पाण्यात हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळून ते किंचित आम्ल होते. असे पाणी चुनखडीच्या भेगांत शिरले की हजारो वर्षांत भेगांच्या वाटा होतात आणि वाटांची भुयारे होतात. मग डोंगरावर ओढे उरत नाहीत. पाऊस पडतो, बर्फ वितळते आणि पाणी विवरांत गडप होते. अशा गिळणाऱ्या विवराला ‘पोनोर’ म्हणतात. इगमन आणि त्याच्या मागचा ब्येलाश्निका हे असे डोंगर आहेत. ब्येलाश्निकाची उंची दोन हजार मीटरांच्या वर जाते. १९८४ सालच्या हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी बर्फावरून घसरत येण्याच्या आणि उड्यांच्या स्पर्धा या डोंगरांवर झाल्या होत्या. त्या बर्फाचे पाणी डोंगराच्या पोटातून पायथ्याशी येते आणि लोक त्याला उगम म्हणतात.

म्हणजे ज्याला नदीचे मूळ म्हणून पाहायला जायचे ते मूळ नाहीच. असंख्य ठिकाणी गडप झालेले पाणी अंधारात एकमेकांत मिसळून ज्या जागी डोळ्यांना दिसू लागते, ती ही जागा. नदीचा आरंभ एका शुद्ध थेंबापासून होतो आणि पुढे तिच्यात नाना प्रवाह मिसळून ती गढूळ होत जाते, ही कवींची आणि धर्मसुधारकांची आवडती प्रतिमा आहे. ‘मूळ धर्म शुद्ध होता’, ‘मूळ भाषा निर्भेळ होती’, ‘मूळ वंश अमिश्र होता’ ही वाक्ये या प्रतिमेवर उभी असतात. व्रेलो बोस्नेचे पाणी पुढच्या नदीपेक्षा स्वच्छ आहे, याबद्दल वाद नाही. पण ते अमिश्र आहे म्हणून स्वच्छ आहे असे मुळीच नव्हे. मिसळणे त्याच्या दिसण्याच्या आधीच पुरे झालेले असते. महाबळेश्वरी पंचगंगेच्या देवळात एकाच गोमुखातून कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्या निघाल्याचे श्रद्धा सांगते. तिथला डोंगरमाथा जांभ्या दगडाचा, सच्छिद्र. त्यात मुरलेला पाऊस खालच्या काळ्या पाषाणापाशी अडून बाहेर येतो. त्या पाच नद्यांतली सावित्री पश्चिमेच्या समुद्राला जाते आणि कृष्णा पूर्वेच्या. पाणलोटाने जे वेगळे केले ते श्रद्धेने एका दगडी मुखात आणून ठेवले. भूगोलाच्या शिक्षकाला ही चूक वाटेल. पण उगमाला मुख असते, ते माणूस घडवतो आणि त्यातून काय बाहेर पडते हेही माणूसच ठरवतो, ही गोष्ट त्या गोमुखाने लपवून ठेवलेली नाही.

चुनखडीच्या पाण्याचा आणखी एक गुण नोंदवला पाहिजे, कारण नीतीचा प्रश्न खरा तिथून सुरू होतो. मातीतून आणि वाळूतून झिरपणारे पाणी गाळून येते. भुयारातून धावणारे पाणी फारसे गाळले जात नाही. विवरात जे टाकावे ते झऱ्यातून बाहेर येते. कोणत्या विवराचे पाणी कोणत्या झऱ्याला लागते हे शोधण्यासाठी शास्त्रज्ञ वरच्या विवरात रंग सोडतात आणि खाली झऱ्यापाशी वाट पाहतात. त्या वाटा नकाशावर काढल्या की पायथ्याच्या बागेचे राखण बागेच्या कुंपणात संपत नाही. ते वर, जिथे झरा कोणाच्या ध्यानीमनीही नसतो अशा माणसांच्या हाती असते. बागेत फिरणाऱ्याला जी शांती लाभते ती अशा रीतीने दुसऱ्या कोणाच्या वागण्यावर तारण ठेवलेली असते.

आता दुसरा प्रश्न, कुळाचा. सारायेव्होत तो विचारण्याची परंपरा जुनी आहे आणि न विचारण्याचीही तितकीच जुनी आहे. मुसलमान, ऑर्थोडॉक्स सर्ब, कॅथलिक क्रोएट आणि ज्यू या शहरात शतकानुशतके शेजारी राहिले. भाषा एकच; तिची आज तीन-चार नावे झाली आहेत, परंतु बोलणाऱ्यांना एकमेकांसाठी दुभाषा लागत नाही. इव्हो आंद्रिच याने १९४६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘१९२० सालचे पत्र’ या कथेत एक पात्र रात्री या शहराच्या घड्याळांचे टोले मोजते आणि प्रत्येक धर्माची वेळ वेगळी पडते हे ध्यानात येऊन देश सोडायचे ठरवते. वेगळ्या वेळांचे टोले ऐकत लोक नांदत होते, हा त्याच कथेचा दुसरा अर्थ. युद्धाच्या काळात तो वाचकांना सुचेनासा झाला. आंद्रिचचे स्वतःचे कूळही नंतर वादात सापडले. बॉस्नियात कॅथलिक घरात जन्म, बेलग्रेडमध्ये वास्तव्य, सर्बियन वळणाचे लेखन, १९६१चे नोबेल. तेव्हा हा लेखक कोणाचा? नदी कोणाची म्हणून विचारण्याइतकाच हा प्रश्न निष्फळ आहे, आणि तितक्याच हिरिरीने तो विचारला जातो.

इलिजाच्या त्या झाडांच्या रस्त्याने इतिहास एकदा सुटीवर आला होता. २५ जून १९१४ रोजी ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड पत्नीसह इलिजातल्या हॉटेलात उतरला. २८ तारखेला सकाळी दोघे तिथून सारायेव्होत गेली ती परत आली नाहीत. दुसऱ्या दिवशी शहरात सर्बांची दुकाने शोधून शोधून फोडण्यात आली. गोळी झाडणारा एक होता. कूळ मात्र सगळ्यांना विचारले गेले.

१९९२ साली ते पुन्हा विचारले गेले, आणि या खेपेस पावणेचार वर्षे विचारले जात राहिले. युगोस्लाव्हिया फुटल्यावर बॉस्नियातल्या सर्ब सैन्याने सारायेव्होला घातलेला वेढा एप्रिल १९९२पासून २९ फेब्रुवारी १९९६पर्यंत, १,४२५ दिवस टिकला. २०१२ साली त्याच्या विसाव्या स्मृतिदिनी शहराच्या मुख्य रस्त्यावर ११,५४१ रिकाम्या लाल खुर्च्या मांडण्यात आल्या; मृतांची मोजदाद तेवढी होती. वेढ्याच्या आत अडकून तोफगोळे झेलणाऱ्यांत सगळ्या कुळांची माणसे होती, हे सांगणे आवश्यक आहे. आणि वेढ्याच्या आतही कूळ विचारून माणसे मारली गेली, हेही सांगितलेच पाहिजे. शहराचे रक्षण करणाऱ्यांतल्याच एका तुकडीने प्रामुख्याने सर्ब नागरिकांना नेऊन मारले आणि त्रेबेविच डोंगरावरच्या काझानी नावाच्या खोल विवरात टाकले. त्या जागी स्मारक व्हायला २०२१ साल उजाडावे लागले.

या वेढ्यात नदीच्या मुळाचे काय झाले? सारायेव्होच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा भाग इलिजाच्या मैदानाखालून, झऱ्याजवळच्या बाचेवोसारख्या विहिरींतून येतो. इलिजा वेढा घालणाऱ्यांच्या ताब्यात होते. झरा आटला नव्हता, नद्या कोरड्या पडल्या नव्हत्या. डोंगरावर नेहमीसारखा बर्फ पडत होता आणि वितळत होता. शहराचे नळ मात्र आठवडेच्या आठवडे कोरडे राहत. कधी वीज तोडलेली असे, कधी नळ फुटलेले असत, कधी पाणी सोडण्याबद्दल वाटाघाटी चाललेल्या असत. लोक प्लॅस्टिकचे डबे घेऊन बिअरच्या जुन्या कारखान्याच्या आवारात जात, कारण त्याच्या खाली स्वतःचा झरा होता. हातपंपांपाशी रांगा लागत. १२ जुलै १९९३ रोजी दोब्रिन्या या वस्तीत अशाच एका हातपंपासमोरच्या रांगेत उखळी तोफेचा गोळा पडून डझनभर माणसे मारली गेली. बागांतली झाडे लोकांनी जळणासाठी तोडली. पाण्याला पक्ष नसतो, असे निसर्गप्रेमी म्हणतात आणि ते खोटे नाही. पण नळाच्या चावीला पक्ष असतो, आणि तहान चावीपाशी उभी असते, उगमापाशी नव्हे.

या पार्श्वभूमीवर व्रेलो बोस्नेच्या आजच्या शांतीविषयी काय म्हणावे? बाग युद्धात उजाड झाली होती, नंतर ती पुन्हा उभी केली गेली, साकव नवे बांधले. इगमनच्या जंगलांत युद्धानंतर कित्येक वर्षे भूसुरुंगांचे इशाराफलक होते. वाट सोडू नये, हा तिथल्या वनविहाराचा पहिला नियम होता. तरीही लोक येत राहिले. त्यांना तिथे मिळते ती शांती खरी की उसनी?

भारतीय साहित्यशास्त्राने या प्रश्नाचा विचार वेगळ्या संदर्भात, पण मोठ्या गंभीरपणे केला आहे. शांत हा रस मानावा की नाही आणि मानला तर त्याचा स्थायी भाव कोणता, याविषयी आचार्यांत मतभेद होते. मम्मटाने निर्वेदाला ते स्थान दिले; अभिनवगुप्ताने तत्त्वज्ञानाला, म्हणजे आत्म्याच्या ज्ञानाला दिले. हा फरक नुसता परिभाषेचा नाही. निर्वेदातून येणारी शांती कंटाळलेल्या, पाठ फिरवलेल्या माणसाची असू शकते. ज्ञानातून येणाऱ्या शांतीला पाठ फिरवता येत नाही, कारण जे पाहिले त्यातूनच ती येते. त्याहून धीट विधान आनंदवर्धनाचे आहे. ध्वन्यालोकाच्या चौथ्या उद्योतात त्याने महाभारताचा प्रधान रस शांत असल्याचे प्रतिपादले. अठरा अक्षौहिणींच्या संहाराचे काव्य, आणि त्याचा रस शांत! महाभारतात सुंदर सरोवरे आणि तपोवने पुष्कळ आहेत. आनंदवर्धन त्यांच्याकडे बोट दाखवत नाही. वृष्णींचा आणि पांडवांचा विषण्ण शेवट तो पुरावा म्हणून देतो. अशी शांती वाचकाला संहार वगळून मिळत नाही, आणि नुसत्या संहारातूनही मिळत नाही.

या कसोटीवर बागेतली शांती सहज नापास करता येईल. रविवारी आलेला माणूस मुलाला बदके दाखवतो, कॉफी पितो, झाडाखाली डोळे मिटतो. त्याने संहाराचे चिंतन केले होते काय, असे कोणी कठोर समीक्षक विचारू शकेल. पण हा प्रश्न विचारण्यात एक अप्रशस्त गोष्ट आहे. आज साठीच्या पुढे गेलेली सारायेव्होची स्त्री वेढ्याच्या काळात तिशीत होती. वीस लिटरांचा डबा बंद पडलेल्या लिफ्टच्या बाजूने सातव्या मजल्यावर चढवणे काय असते, हे तिच्या गुडघ्यांना ठाऊक आहे. ती आता साकवावर उभी राहून एवढे पाणी कोणी न भरता वाहून जाताना पाहते. त्या पाहण्यात स्मरण किती आणि विस्मरण किती, याचा हिशेब मागण्याचा अधिकार कोणत्याही रससिद्धान्ताला नाही. विसरण्याचा हक्क तिने कमावलेला आहे. बाहेरून आलेल्या प्रवाशाची गोष्ट वेगळी. त्याला ती जागा ‘स्वर्गीय’, ‘कालातीत’, ‘जगाच्या कोलाहलापासून दूर’ अशा विशेषणांत हवी असते. ही विशेषणे पर्यटनाच्या पुस्तिकांनी पुरवली आहेत, आणि मराठीतली प्रवासवर्णनेही त्यांपासून सर्वस्वी मुक्त नाहीत. जगाचा कोलाहल त्या जागेपासून कधीही दूर नव्हता. चार वर्षे तो तिथेच, झाडांच्या त्या ओळींमध्ये, पहाऱ्यावर उभा होता. प्रवाशाला कोणी दोष देणार नाही. परंतु जे त्याने सोसलेले नाही ते विसरण्याचीही सवलत त्याला असू नये.

निसर्ग माणसाची जखम भरून काढतो, या मताविषयीही थोडे बोलले पाहिजे, कारण ते हल्ली नीतिविचाराची जागा घेऊ पाहते. झरा वेढ्याच्या काळात जसा वाहत होता तसाच आज वाहतो. त्याच्या या सातत्यात दिलासा शोधणाऱ्याने एक गोष्ट नाकबूल करू नये : तो मारणाऱ्यांसाठीही तितकाच निर्मळ वाहिला. ते पाणी त्यांनीही प्यायले, त्याच सावल्यांत त्यांनीही डोळे मिटले असतील, आणि त्यांनाही तिथे शांत वाटले असेल. मग शांत वाटणे ही चांगुलपणाची खूण कशी मानता येईल? बागेत जाऊन माणूस सौम्य होतो, हे बागांच्या बाजूने नेहमी सांगितले जाते. सौम्य होऊन तो परत कुठे जातो, हे त्या युक्तिवादात येत नाही. बागेचे मोल तिथल्या भावनेवर ठरवण्यापेक्षा, तिचे पाणी शेवटच्या मजल्यापर्यंत पोहोचते की नाही यावर ठरवलेले बरे. हा निकष रुक्ष आहे. पण झऱ्याला तो न्याय देतो.

कुळाचा प्रश्न वेढ्याबरोबर संपला नाही. डेटनच्या करारानुसार १९९६च्या मार्चमध्ये इलिजा आणि इतर काही उपनगरे बॉस्नियाच्या संघराज्याकडे सुपूर्त झाली. त्याआधीच्या आठवड्यांत तिथले बहुसंख्य सर्ब रहिवासी घरे सोडून निघाले. काहींनी दारे-खिडक्याही काढून नेल्या. आणि पुष्कळांनी बर्फाने गोठलेल्या जमिनीतून आपल्या मृतांच्या शवपेट्या उकरून काढून गाड्यांवर घातल्या. जिवंत माणसांना गाव बदलता येते. इथे मेलेल्यांचेही कूळ त्या मातीत सुरक्षित नाही असे वाटले. कुरुक्षेत्रानंतर गंगेच्या काठी मृतांना जलांजली देण्याची वेळ येते तेव्हा कुंती कर्णाचे कूळ सांगते. जलांजली देण्यासाठी नाते ठाऊक लागते, आणि ज्याला सूतपुत्र म्हणून मारले तो थोरला भाऊ होता हे युधिष्ठिराला पाण्यात उभे असताना कळते. म्हणीने मना केलेला प्रश्न तिथे विचारल्यावाचून गत्यंतर नसते. कूळ विचारू नये हे खरे, पण मृतांना त्यांच्या नावाने पाणी देणारे कोणी उरले नाही तर न विचारण्याचे औदार्यही निर्दय ठरते. काझानीच्या विवरात टाकलेल्यांची ओळख पटवणे हेसुद्धा कूळ विचारणेच होते.

बोस्ना नदीला मात्र पुढे या सगळ्या सीमा ओलांडाव्या लागतात. झरा संघराज्यात आहे. व्हिसोको, झेनित्सा, मागलाय ही गावेही संघराज्यातच. त्यानंतरचे दोबोय आणि सावेच्या संगमावरचे शामात्स ‘रेपुब्लिका सर्प्स्का’ या दुसऱ्या घटकराज्यात. मे २०१४मध्ये अतिवृष्टी होऊन नदीला मोठा पूर आला तेव्हा मागलाय आणि दोबोय दोन्ही पाण्याखाली गेली. डोंगरउतार कोसळले. युद्धात पेरलेले सुरुंग जिथे दडले होते त्या जमिनीही त्यांत होत्या, आणि वीस वर्षांत लावलेले इशाऱ्याचे फलक वाहून गेले. सुरुंगांच्या नोंदी ठेवणाऱ्यांचे काही नकाशे एका आठवड्यात निरुपयोगी झाले. कोणता सुरुंग कोणी, कुठे पेरला होता आणि तो कुठून वाहत आला, हे आता सांगता येण्यासारखे नव्हते. पाणी ओसरल्यावर दोन्ही बाजूंच्या लोकांना एकच सूचना देण्यात आली : घरातला आणि शेतातला गाळ उपसताना जपून उपसावा.